छाट

आईच्या हजार विड्यांतून
कारखान्यातला चेकर रोज साठ-सत्तर बाजूला सारायचा.
छाट म्हणायचे तिला.
छाटीचे पैसे नाहीत, विडीही परत नाही.
ती पुढं कोण ओढतं
हे आईनं कधी विचारलं नाही.

नायनाच्या केबिनमध्येही छाट होती,
खाऱ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
गुंडाळून, सुताच्या दोऱ्यानं बांधलेली.

श्रीशैल टॉकीज. साडेअकराचा खेळ.
'चुडैल नंबर सात', मूळ भाषा कुठली देव जाणे,
आवाज हिंदी, ओठ भलतेच.
आधी पडद्यावर सर्टिफिकेट. त्यावर त्रिकोण दिसला
म्हणजे कात्री लागलीय.
रात्रपाळी सुटलेले लूमवाले त्रिकोणालाच शिट्टी मारायचे.
कापलंय, म्हणजे कुठंतरी असणारच.

नायना आधी मागावर होता.
तुटला धागा बोटांत पीळ देऊन सांधणारा,
त्याला फिल्म काय अवघड?
आईची तेंदूची पानं कापायची कात्री न्यायचा,
ब्लेडनं खरवडायचा, सिमेंट, एक फुंकर.
सातव्या रिळात चुडैल जिना चढते
आणि मध्येच
जिना नाही, हवेली नाही, दुसऱ्याच खोलीत
दुसरीच बाई, पाठमोरी, ओल्या केसांची.
दोन मिनिटं.
मग पुन्हा जिना.
गोष्ट तुटली अशी तक्रार कुणी केली नाही.

हवालदार नागणसुरे मीटर मोजायला यायचे.
खेळ बघून झाल्यावर मोजायचे.

आता तिथं मंगल कार्यालय आहे.
नायना गेला, डबा माझ्याकडे आला.
झाकण काढलं तर आंबूस वास, शिरक्यासारखा.
बाकी सगळं चिकटून एक झालेलं,
एकच तुकडा सुटा.
ट्यूबलाइटसमोर धरला: चौदा चौकटी.
तीच बाई. पण वळलेली.
हात वर येतोय, चौकटीगणिक थोडा थोडा,
तोंड उघडं, डोळे सरळ आपल्यावर.
कडेला आवाजाची नागमोडी रेघ.
ती मला वाचता येत नाही.

हा तुकडा पडद्यावर कधीच आला नाही.
मुंबईच्या साहेबांनी तर अख्खी बाईच काढली होती,
मग हे कुणी?
शिट्ट्या थांबल्या असत्या म्हणून,
की त्यालाच—

आईला आता नीट दिसत नाही.
तिनं तुकडा घेतला, काठावरून अंगठा फिरवला,
एका खाचेशी थांबली.
"दात पडला होता तिचा," तेलुगूत म्हणाली,
"कात्री माझीच."