हारिद

सांबऱ्याच्या रस्त्यावर अजून एक मैलाचा दगड आहे,
अर्धा डांबरात बुडालेला, आकडा पुसलेला.
तिथून पुढच्या दगडापर्यंत
भरमाण्णा किल्लेकर एकेचाळीस सेकंदांत गेला
असं माझ्या वडिलांच्या वहीत आहे,
सुताच्या उधारीच्या दोन नोंदींमध्ये.

वडील शहापूरला मागावर बसायचे.
भरमाण्णा भाताच्या गिरणीत फिटर.
कॅम्पातल्या कुणा गोऱ्यानं झाडावर घातलेली फटफटी
त्यानं भंगारात घेतली, अठरा रुपयांना,
आणि दोन पावसाळे तिच्यापाशी उकिडवा बसून काढले.
दट्ट्या स्वतः ओतला. साखळी गिरणीची.
ब्रेक नव्हताच.
"थांबूलालंय कोण? खरं पुढं बल्लारी नाला हाय,
तो थांबवतोय की."

पहाटे मिरचीच्या गाड्या कडेला घ्यायला लावल्या.
बैलांच्या कानात कापूस.
पहिल्या दगडाशी कुणीतरी धोतर हलवलं,
दुसऱ्याशी वडील,
स्टेशनातल्या गार्डाचं घड्याळ हातात,
पावशेर कुंद्याच्या बोलीवर आणलेलं.
मग तो आवाज.
वडील म्हणायचे, गिरणीचा पट्टा तुटतो तसा,
फक्त तुटतच राहिलेला.

त्यानंतर त्याला रस्ता पुरेना.
खानापूरच्या रानातून बांबू आले, रात्रीचे.
वडिलांनी दोन लुगडी विणली, बिनकाठाची.
सावकारानं विचारलं, काठ नसलेलं नेसणार कोण?
वडिलांनी सांगितलं, किल्लेकराच्या घरची मोठी बाई.
बासमतीच्या पेजेची खळ दिली तीन वेळा,
वाळल्यावर टिचकी मारली की डफासारखं वाजायचं,
आणि मुंग्या लागायच्या.
दोन रात्री राखण केली दोघांनी,
विमानाची, मुंग्यांपासून.

जोंधळा निघाल्यावरचं काळं रान.
इकडे, चिंचांच्या अलीकडे, शहापूरची माणसं,
कुणी पैज लावून आलेली, कुणी नुसतीच, भाकरी बांधून.
पलीकडे गंगव्वा एकटी, मिरची वाळवत.
धूळ एवढी उठली
की चिंचांना काहीच दिसलं नाही.
गंगव्वाला दिसलं.
पुरुषभर उंच, मग आणखी थोडा,
लुगड्याचे पंख, खाली लाल मिरची,
मिरचीवरून सरकलेली सावली.
तीन रानं. तिसऱ्याच्या बांधाला चाक लागलं.

गंगव्वा ओरडली, "हारिद! हारिद!"

कन्नडात म्हणजे, उडाला.

चिंचांखाली ते मराठीत ऐकू आलं.
"हारला," कुणीतरी म्हणालं,
आणि पैशांची देवघेव झाली,
बैल जुंपले,
संध्याकाळपर्यंत खडेबाजारात सगळ्यांना ठाऊक होतं
की किल्लेकर हारला.

वडील सांगायला निघाले होते. त्यानंच हात धरला.
गुडघा सोललेला, मिशीला तेल.
"राहू दे," म्हणाला, "कापड फाटलं न्हाई बघ तुझं."
मग दोघांनी गंगव्वाच्या सांडलेल्या मिरच्या भरून दिल्या,
अंधार पडेपर्यंत, शिंकत.

तो पुढं हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात गेला.
एक पत्र आलं, त्यात फक्त एका पंख्याचं चित्र.
इंजिन गिरणीवाल्यानं विहिरीवर बसवलं.
लुगडी आईनं नेसली. तिला विचारा,
खळ काही केल्या पुरती निघाली नाही.

शेवटच्या आजारात वडिलांनी वही मागितली.
ते पान काढून बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले,
"घड्याळ मी बघितलंच नव्हतं रे.
तो आला आणि मी डोळे मिटले."

मग एकेचाळीस?

त्यांची उजवी मूठ चादरीवर
इकडून तिकडे, तिकडून इकडे जात होती.
"धोटे मोजत होतो," म्हणाले. "मनात.
माझा हात चुकत न्हाई."