एका बाईसाठी पाच जुड्या

परभणीच्या शनिवार बाजारात
खैरूनबीकडून मी रोज पाच जुड्या अंबाडी घेते.
लाल देठाचीच. हिरवी चालत नाही म्हटल्यावर
ती एकदा माझ्या तोंडाकडे बघत राहिली.
'घरात माणसं किती?'
'एकच बाई.'
'आन् पाच जुड्या?'
'तिचं पोट बिघडलंय,' मी म्हणाले,
आणि यातलं काहीच खोटं नव्हतं.

बाई म्हणजे पेशी.
कुठल्याशा थंड देशात कुणाच्या आतड्यातून
काढलेल्या, माझ्या जन्माआधी.
ती गेली. गाठ राहिली.
गोठून, विमानातून, मग पुण्याहून
थर्माकोलच्या डब्यात एसटीने इथे आली,
आणि आता सदतीस अंशांवर
गुलाबी पाण्यात खातेपिते, वाढते.
बाहेर चव्वेचाळीस. लाईट गेली की
जनरेटरवाल्या वामनरावांच्या नावाने ओरडत मी जिने उतरते
तिच्यासाठी, जिचं नाव मला कुणी सांगितलेलं नाही.

पानं सावलीत वाळवायची, दळायची,
रात्रभर स्पिरिटात, मग गाळून, आटवून
तळाशी उरतो काळपट तांबूस चिकटा.
चाखू नये असा नियम आहे.
मी चाखला.
लसणाच्या फोडणीविना, तुरीच्या डाळीविना
नुसता आंबट, एकटा.

शहाण्णव खळगे असतात. मी त्यांना वाट्या म्हणते.
थेंब थेंब वाढते तिला.
तिसऱ्या दिवशी रंग घालायचा:
जी पेशी जिवंत, ती जांभळी होते,
मेलेली काहीच बोलत नाही.
काही वाट्यांत जांभळं फिकटलं होतं.
तीनदा मोजलं मी.
सर म्हणाले, 'वाटीतलं वाटीत ठेवा.
माणूस म्हणजे वाटी नव्हे, धर्मापुरीकर.
"असू शकेल" लिहा.'
लिहिलं. निबंधातलं ते क्रियापद
अंबाडीच्या वाखासारखं:
कितीही वाकवा, तुटत नाही.

गेल्या आठवड्यात खैरूनबीने सहावी जुडी फुकट टाकली.
'ती बाई बरी हाय का?'
मग मात्र सांगावं लागलं.
प्रयोगशाळा. पेशी. आतड्याचा कर्करोग.
तिने ओले हात पदराला पुसले.
'आमच्या मालकाला तेच व्हतं.
पोटाला पिशवी, दोन साल.
भाजी इकणाऱ्याच्या घरात राहून
अंबाडीला कधी हात लावला न्हाई.
दात आंबतात म्हणायचे.
मी जबरदस्ती खाऊ घालाया पायजे व्हती का?'

भर बाजारात, भर दुपारी
शहाण्णव वाट्या माझ्याकडे बघत होत्या.
'असू शकेल' तिला देता आलं असतं.
निबंधात ते उभं राहतं,
इथे तिच्या छातीवर बसलं असतं.
'नाही, खाला,' मी म्हणाले.
'तुमच्या हातून काही राहिलं नाही.'
हेही मला सिद्ध करता येणार नाही.
याला कुठला रंग घालतात, माहीत नाही.

तिने जुड्यांवर पाणी शिंपडलं.
'उद्या पिंगळीची कवळी येईल. त्या बाईला ने.
आन् तू बी खात जा,
काड्या झाल्यात हातापायाच्या.'

रात्री सहावी जुडी शिजवली.
डाळ घालून, लसूण चरचरवून, करडईच्या तेलात.
दात आंबले.
खरंच आंबतात.