एक्केचाळीस सेकंद

डंडी शहरात डिसेंबरात साडेतीनलाच अंधारून येतं.
नेट्टा कार्गिलच्या चौथ्या मजल्यावर
धापा टाकत पोचलो, मी आणि रूरी.
माझ्या गळ्यात विद्यापीठाचा रेकॉर्डर,
त्याच्या हातात मटण-पॅटिसची तेलकट पिशवी,
म्हाताऱ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये
असं त्याची आई म्हणते.

आधी नुसती खोली रेकॉर्ड करायची, हा आमचा नियम.
अर्धा मिनिट कुणीच बोलायचं नाही.
फ्रिजची घरघर, फटीतून टे नदीवरचा वारा,
रूरीचं पोट.
"हे कशाला?"
नंतर जोड देताना लागतं, मी म्हटलं,
शांततेचं ठिगळ.
ती हसली. ठिगळ तिला लगेच कळलं,
चौतीस वर्षं गोणपाट विणलेलं.

बोलताना ती माझ्या ओठांकडे बघायची.
प्रश्न विचारायला माइक तोंडापुढे धरला
की वैतागायची:
"तो दांडा बाजूला घे,
मला तू ऐकू येत नाहीस."

पंधराव्या वर्षी गिरणीत.
केसांत, पावात, अंथरुणात तागाचा वास.
गठ्ठ्यांवर छापलेलं नारायणगंज हे नाव
तिने असं उच्चारलं
जसा गल्लीतला कुणी उधारी बुडवून पळालेला.
दोनशे माग एकदम सुरू झाले की, म्हणाली,
देव ओरडला असता तरी मुकादमाला पत्ता लागला नसता.
म्हणून बायका ओठांनी बोलायच्या, बोटांनी बोलायच्या.
खांद्यावर दोन बोटं: मुकादम येतोय.
पोटावरून उलटा हात: अमकीला दिवस गेले.
"अख्ख्या गिरणीला ठाऊक,
फक्त नवऱ्याला नाही."

करून दाखवा ना, मी म्हटलं.
रेडिओसाठी!
अकलेचे दिवे आणखी कसे पाजळतात?

तिने पॅटिस सारलं, बोटांवरचा चुरा झटकला
आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली.
ओठ हलू लागले. भुवया. मनगट.
मध्येच थांबली, पलीकडचं ऐकून घेतल्यासारखी,
मध्येच इतकी हसली की खांदे हलले
आणि आवाज नाही.
रेकॉर्डरवरचे हिरवे ठिपके एकेक विझत गेले,
शेवटचा तेवढा लुकलुकत राहिला,
तो फ्रिजचा.

काय बोललात?
"तुझ्याशी नव्हते बोलत. जेसीशी."
जेसी कोण, म्हणून मी तोंड उघडलं
तर तिने मान खिडकीकडे फिरवली.
तिच्याकडे पाठ केलेला प्रश्न
विचारलेलाच नसतो.

तळघरातल्या स्टुडिओत कॅट्रिओना म्हणाली, काप हे.
बारा सेकंद आवाज गेला नाही
की यंत्राला वाटतं आपण मेलो,
ते आपलं आपण गाणी लावतं.
मी म्हटलं, नाही कापणार.
ती म्हणाली, मग खाली पियानो घाल.
नाही घालणार.
रात्री अकरापर्यंत आम्ही भांडलो,
रूरी अंड्यांच्या ट्रेंना टेकून झोपला.

मंगळवारी नऊला
कॅट्रिओनानेच त्या यंत्राची वायर उपटली
आणि मेलेला उंदीर धरावा तशी
लांब धरून उभी राहिली.
एक्केचाळीस सेकंद.
आमचे श्रोते मोजून साठेक.
साठ स्वयंपाकघरांत
एका बाईच्या वाट्याची गप्प.

फोन एकच आला.
"तुमचं बंद पडलंय."
नाही हो, चालू आहे.
"मग बोला की काहीतरी."

जानेवारीत सीडी द्यायला गेलो.
लावायला तिच्याकडे काही नव्हतं,
आणि असतं तरी.
तिने भोकातून सुतळी ओवली,
सवयीच्या बोटांनी गाठ मारली
आणि खिडकीबाहेर टांगली, सीगल हाकलायला.

दोन दिवस घाबरले म्हणे.
आता तिच्या शेजारीच बसतात.