गोटी कुणीकडे जाते

माझ्या खिशात एक गोटी असते.
टॉर्च, शिडी, ओल मोजायचं यंत्र हे सगळं आहेच,
पण विकाऊ घरात शिरलो की आधी गोटी.
जमिनीवर ठेवायची, बोट काढायचं, बघायचं
ती कुणीकडे निघते.

यूनिस पेटिग्रूनं पाहिलेल्या घरात
ती स्वयंपाकघरातून निघाली आणि उगवतीच्या भिंतीला जाऊन टेकली,
तिकडून कुणी हाक मारल्यासारखी.
बफेलोच्या पूर्वेकडचं घर, १९११ सालचं, लाकडी,
खाली एक बिऱ्हाड, वर एक.
यूनिस शाळेची पिवळी बस चालवते.
बावीस वर्षांत साठवलेले एकतीस हजार डॉलर
आणि एक वही, एवढं घेऊन ती आली होती.

वहीत सगळं होतं.
वरचं भाडं, खालचं भाडं,
वजा हप्ता, वजा कर, वजा विमा,
आणि तळाशी दोनदा अधोरेखित: दोनशे ऐंशी.
"महिन्याला उरतात," ती म्हणाली,
पहिल्यांदा सायकलवर बसलेलं पोर
मागे कुणी धरलंय का बघतं, तसं माझ्याकडे बघत.

खालचा मजला तीन महिने रिकामा राहिला तर?
तिनं एक रकाना वाढवला.
छत फार तर चार वर्षं. आणखी एक रकाना.
नळ शिशाचे.
दोनशे ऐंशीचे एकशे दहा झाले, एकशे दहाचे चाळीस.
चाळिसावर ती थांबली
आणि पेन्सिलीला टोक काढत बसली.

तळघरात ताज्या रंगाचा वास.
तळघर कोण रंगवतं? ज्याला घर विकायचंय, तो.
भिंतीला तळहात लावला. कोरडी होती.
पण ऑगस्ट होता,
ऑगस्टात सगळ्याच भिंती कोरड्या असतात.

वर मिस्टर डोब्रोस्की, वय अठ्ठ्याहत्तर,
एकोणीस वर्षं तेच भाडं.
त्यांनी बिस्किटं दिली, खिडकी कशी उघडायची ते दाखवलं:
आधी उचलायची, मग समजवायची, मग ढकलायची.
विकणाऱ्याच्या कागदावर ते असे होते:
'वरचा मजला. भाडं वाढवायला वाव.'
जिना उतरताना यूनिस म्हणाली,
"वहीत हा माणूस कुठे लिहू?"
मी कठड्याचे खिळे मोजत राहिलो.

अहवाल त्रेचाळीस पानांचा. फोटो, बाण, लाल वर्तुळं.
शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत
वकिलानं घालायला लावलेलं वाक्य:
भिंतीआड काय आहे ते आम्ही पाहिलेले नाही.
सव्वीस वर्षांत मी लिहिलेल्यातलं
तेवढंच पूर्ण खरं.

तिनं घर घेतलं.

जानेवारीत, सरोवरावरचा वारा
तिसऱ्या दिवशीही रस्त्यात बर्फ लोटत असताना
रात्री दोनला फोन.
पाईप फुटला होता. उगवतीच्या भिंतीत.
मी गेलो. कशाला, माहीत नाही,
माझे पैसे तर कधीच चुकते झाले होते.
डोब्रोस्की जिन्यावरून एकेक टॉवेल खाली टाकत होते
आणि पोलिशमध्ये घराला शिव्या घालत होते,
घरच्या माणसाला घालतात तशा.
भिंत फोडली. आत वर्तमानपत्रांचा लगदा,
आणि गळक्या सांध्याला
कुणीतरी फार वर्षांपूर्वी बांधलेली चिंधी.
म्हणजे कुणाला तरी ठाऊक होतं.
चिंधी बांधून, भिंत बुजवून
तो इथून निघून गेला होता.

एकोणीसशे डॉलर. प्लंबर म्हणाला, स्वस्तात सुटलात.
यूनिसनं ओली वही उघडली, नवा रकाना आखला,
त्याला काय नाव द्यावं सुचेना.
मग लिहिलं: 'जानेवारी'.

एप्रिलमध्ये तिनं वरचं भाडं वाढवलं, पंचवीस डॉलरनं.
डोब्रोस्कींनी वरचे पंचवीस नाण्यांत मोजून दिले म्हणे,
एकही शब्द न बोलता.
त्या दिवसापासून बिस्किटं नाहीत.

परवा तिचा फोन आला. आणखी एक घर बघायचंय,
"गोटी घेऊन या."
मी खिसा चाचपला. नव्हती.
त्या रात्री तिच्याच जमिनीवर राहिली असणार,
त्याच भिंतीला टेकून.