नावातला आवाज

मासेरूच्या बाजारात मातेबोहो मला
माझ्या मुलीचं नाव शिकवते आहे.
जीभ टाळूला चिकटव. आता ओढ.
बाटलीचं बूच निघावं तसा आवाज;
आमच्या डच मुळाक्षरांत त्याला जागा नाही.

माझा नुसता थुंकीचा बुडबुडा.
कणसं भाजणाऱ्या बाया हसून बेजार,
योरिससुद्धा.
मुलगी हसत नाही.
मक्याच्या नक्षीच्या घोंगडीतून
माझं तोंड निरखते,
मग सहज जीभ वाजवते: टक्.
(टक् नव्हेच ते. लिहिता येत नाही.)

मातेबोहो म्हणजे तेबोहोची आई.
इथे आई झाली की बाईचं नावच बदलतं.
म्हणजे माझ्याही नावात आता
तो आवाज,
मला न येणारा.

विमान शुक्रवारी.