पाच मिनिटं

कानात लगदा भरला की पाच मिनिटं थांबायचं.
बोलायचं नाही, चघळायचं नाही, हसायचंही नाही,
जबडा हलला की साचा फसतो.
हे मी रिदाला खुणांनी सांगितलं,
गोवंडीहून आलेली, सहा वर्षांची,
आणि तिच्या आईला तोंडाने.

कोपऱ्यातल्या स्टुलावर शिकाऊ अन्विता,
वहीत समास आखून तयार.
विचारते, मॅडम, पहिल्यापासून हेच करायचं होतं तुम्हाला?

पहिल्यापासून?
पहिल्यापासून मला भुलेश्वरच्या दुकानात
बारा तास उभं राहायचं नव्हतं.
आईने चिकटवलं.
बांगड्या भरायचे मी, घट्ट, अवघडलेल्या हातांत.
कांताबेन म्हणायची, हाताकडे बघू नकोस, तोंडाकडे बघ,
काहीतरी विचार,
आणि अंगठ्याखालचा डोंगर हळूच दाब.
हात विसरतो, बांगडी जाते.

मघाशी रिदासमोर हवेत मिशा काढल्या,
मांजर आहे घरी?
कापसाची गाठ कानात उतरली तेव्हा
ती बोटांनी शेपटी दाखवत होती.

मग खेतवाडीत, दातांच्या लॅबमध्ये.
मेण, प्लॅस्टर, स्पिरिटच्या दिव्याचा वास केसांना.
तीन वर्षं मी माणसांचं नुसतं हसू पाहिलं,
माणसांशिवाय, ट्रेमध्ये ओळीने, चिठ्ठी लावलेलं.
एका नवरदेवाची पुढची कवळी माझ्या हातून फुटली.
दाराशा ओरडला नाही.
रात्रभर माझ्या शेजारी बसून
पुन्हा करून घेतली, माझ्याकडूनच.

(घड्याळात तीन मिनिटं.)

प्रभादेवीला टेलिफोन चौकशी, रात्रपाळी.
एक म्हातारा आठवड्यातून दोनदा
एकच नंबर विचारायचा.
त्याच्याच घरचा.
जोरात बोला, म्हणायचा, जोरात, बाई,
आणि मी इतकी ओरडायचे की शेजारणी हसायच्या.
एकदा कळवळून विचारलं, काका, हा तर तुमचाच ना?
म्हणाला, हो, कोणी शोधत असेल तर
मिळतो का, ते बघत होतो.

मग सीप्झमध्ये आठ महिने
खोक्यांवर लेबलं चिकटवली.
त्यातून काय शिकलात, अन्विता पेन सरसावते.
काहीच नाही. लिही. पाय दुखायचे.

आणि मग आईचं यंत्र शिट्टी मारायला लागलं.
परळच्या या जिन्यावर तिला घेऊन आले,
डॉक्टर म्हणाले, नवा साचा, पंधरा दिवस.
मी म्हटलं, बारीक कानस आहे का?
खिडकीशी उभं राहून
एक कड घासली, केसाएवढी. पुन्हा घातली.
शिट्टी थांबली.
आई म्हणाली, पंखा केवढा आवाज करतो गं इथला.
डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून या.

अन्विताने वहीत बाण काढलेत,
बांगड्यांपासून इकडे, दातांपासून इकडे,
लेबलांचा चौकोन एकटाच राहिलाय,
तो तिला खटकतोय.
म्हणजे सगळं इथेच येत होतं, मॅडम.

नाही गं.
बाण मागे वळून काढता येतात.
चालताना फक्त भाड्याची तारीख दिसत होती,
आणि पुढच्या दारावरची पाटी,
माणूस पाहिजे.
तो चौकोन राहू दे तसाच.

पाच मिनिटं झाली.
दोऱ्याला धरून, कान मागे ओढून, हवा आत जाऊ देत,
अलगद फिरवत बाहेर.
गुलाबी, ओलसर, वेडावाकडा,
एक उलटा कान,
प्रत्येक वळण उतरलेलं.
नखाने दाबून पाहते. फसला नाही.

रिदा तळवा पुढे करते.
ठेवते तिच्या हातावर.
ती त्याच्याकडे बघते, मग माझ्याकडे,
आणि बोटांनी हवेत मिशा काढते.

मी मान डोलावते, आणि खूण करते तिला,
आता हसलीस तरी चालेल.