चिकटपट्टीवाली फेज

गांगुर्डे अकरा दिवस ‘उद्या नक्की’ म्हणाला.
बाराव्या दिवशी मीच ओढणी कमरेला खोचली
आणि जेवणाच्या टेबलावर स्टूल चढवलं.

खाली अण्णा, हातात टॉर्च.
एकतीस वर्षं एकलहऱ्याच्या कंट्रोल रूममध्ये
काट्यांवर खिळलेली नजर
आता माझ्या टाचांवर.
‘मेन पाडलास?’
पाडला.
‘टेस्टर लावलास?’
लावला, अण्णा.
‘परत लाव.’
उजेडाचा गोल छतावर जागचा हलतो, परत येतो.
सेल तर कालच घातलेत.

ट्यूबलाइटची पट्टी उतरवली
तर तिच्याआड चार फुटांचा पिस्ता रंग,
अठ्ठ्याऐंशी सालचा, एकदाही न धुरकटलेला.
आणि बॉक्समध्ये दोन वायरी,
दोन्ही काळ्या.

यातली फेज कुठली?
‘चिकटपट्टीवाली.’
अण्णा वर न बघताच म्हणाले.
खरंच, एकीच्या गळ्याशी
पिवळी पडलेली कापडी पट्टी,
दवाखान्यात सलाइनची सुई धरून ठेवते ती.
‘लाल वायर संपली होती. दुकानं बंद.
हिला नाइटला जायचं होतं, म्हटलं अंधारात डबा कसा भरेल.
मग हिच्याच पर्समधून घेतली.’

मेन चढवून पाहिलं.
टेस्टरच्या पोटात नारिंगी ठिपका पेटला.
पट्टीवालीच.
बिटको हॉस्पिटलचा तो एवढासा तुकडा
इतकी वर्षं आमच्या डोक्यावर
खरं तेच सांगत बसला होता.

आई आतल्या खोलीत, डोळ्यांवर ओला नॅपकिन.
अर्धशिशी चढली की तिला उजेड टोचतो,
म्हणून तर हा सगळा घाट:
चार गोल दिवे, एक डिमर.
‘डिमर म्हणजे पंख्याचा रेग्युलेटरच,’ अण्णांचं मत,
‘त्यात शिकायचं काय?’

पहिल्या खेपेला दिवे लुकलुकले,
मग गुणगुणायला लागले,
जेलरोडभरचे डास जणू छतात शिरले.
खोक्यावर मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं,
हे दिवे मंद होत नाहीत.
दुकानदार म्हणाला, ताई, एलईडी म्हणजे एलईडी.
मी म्हटलं, नाही हो दादा.
दिव्यामागे साठ रुपये जादा मोजले,
तेव्हा कुठे त्याला फरक आठवला.

दुसऱ्यांदा मेन पाडला.
टेस्टर लावला. परत लावला.
जोड पिळले, टेप गुंडाळली,
ती जुनी पट्टी नखाने सोडवून
टेबलावर ठेवली. अण्णांनी ती खिशात टाकली,
फेकतो म्हणाले.

‘कुमुद, ये बाहेर!’
आई भिंतीला धरत आली.
अण्णांनी आधी पूर्ण लोड दिला, सवयीने.
तिने डोळ्यांवर हात घेतला,
मग दुसऱ्या हाताने बटण चाचपून
फिरवत गेली उलटं, सावकाश.
ताटांच्या कडा गेल्या.
कॅलेंडरवरच्या तारखा गेल्या.
फ्रिज नुसता पांढरा उरला.
‘हां. एवढाच.
रात्री दोनला वॉर्डात ठेवायचो तेवढा.
पेशंट झोपतो
आणि थेंब मोजता येतात.’

मग आम्ही तिघं तसेच बसून राहिलो,
उरलेल्या वायरीचं वेटोळं मध्ये.
कुणालाच काही बोलायचं नव्हतं,
बरं वाटत होतं.
आई टेबलाकडे बघत होती.
टेबलावर अण्णांचा उजवा हात होता,
आपल्या आपण हलत.

तिने मनगट धरलं नाही.
ओठ मात्र हलत होते तिचे,
ती मोजत होती.
‘कधीपासून?’
‘काय कधीपासून?’
‘अहो.’
‘...दिवाळीच्या आसपास.’

अण्णा उठले, बटण जरा चढवायला.
‘राहू द्या,’ ती म्हणाली,
‘मला दिसतंय.’